उदगीरची गाडी आणि माझं बंद नाक

“मॅडम, गाडी थांबवा! काहीतरी जळतंय!”

मागच्या सीटवरून एक तरुण गर्दीला बाजूला सारत पुढं येत होता. मी तिकिटाचं मशीन हातात धरून नुसती बघत राहिले. नांदेडहून उदगीरला निघालेली आमची गाडी मुखेडच्या अलीकडं होती, खिडक्या उघड्या होत्या, आणि मला कसलाच वास येत नव्हता.

“कुठं काय…” मी म्हणेपर्यंत त्यानं स्वतःच घंटीची दोरी ओढली. माझ्या सीटला टेकून ठेवलेलं गोधड्यांचं गाठोडं उचललं आणि दारातून बाहेर फेकलं. कुणाच्या तरी बिडीची ठिणगी आत गेली असावी. रस्त्यावर पडताच त्यातून धूर निघाला… आणि मग जाळ.

आमचे ड्रायव्हर रेवणसिद्ध भाऊ माती टाकायला धावले. कुणाला काही झालं नाही. पण ते गाठोडं माझ्या गुडघ्याला लागून होतं. सगळ्यांत आधी कळायला हवं होतं ते मलाच.

त्या तरुणानं पाण्याची बाटली पुढं केली आणि हळूच विचारलं, “तुम्हाला वास येत न्हाई का?”

“सर्दी आहे जरा.”

“हाव, मलाबी होती ‘जरा’. लई वर्षं.” तो हसला. “तोंड उघडं टाकून झोपता? वाकलं की कपाळ ठणकतं? भाजीला चव न्हाई म्हणून आईशी भांडता?”

“तुम्ही काय आमच्या घरी राहता का?”

“अजून तरी न्हाई.”

मी रागानं बघितलं… म्हणजे, रागानं बघायचं ठरवलं होतं.

त्याचं नाव अश्वजित. उदगीरच्या एका डाळमिलमध्ये सुपरवायझर. मिलच्या धुळीनं त्याचं सायनस असं बिघडलं होतं की महिन्यातले निम्मे दिवस डोकं धरून काढायचा. मागच्या वर्षी नांदेडला दुर्बिणीनं ऑपरेशन करून घेतलं, आणि त्या दिवशी तो त्याचीच तपासणी करून परत निघाला होता. उतरताना त्यानं डॉक्टरांचा नंबर दिला. खाली स्वतःचाही लिहिला. “घाबरल्या तर हा दुसरा लावा,” म्हणाला.

मी आधी दुसराच लावला.

*

मी लुंबिनी. घर बिलोलीचं, नोकरीमुळं मी आणि आई नांदेडला राहतो. वाफारे, गोळ्या, नाकात थेंब, कुणी सांगितलेला काढा… सगळं करून झालं होतं. डॉक्टर मॅडमनी सीटी स्कॅन बघून सांगितलं, सायनसच्या वाटा सुजून बंद झाल्यात, आत मांसाचे कोंब वाढलेत. नाकपुडीतून दुर्बीण घालून त्या वाटा मोकळ्या करायच्या. चेहऱ्यावर कुठं काप नाही, टाका नाही.

“आणि वास?” मी विचारलं.

“बहुतेक येईल. पण हमी देणार नाही मी,” त्या म्हणाल्या. त्यांचं ते खरं बोलणंच मला धीर देऊन गेलं.

आई मात्र ऐकेना. “डोळ्याच्या जवळ असतंय म्हणं ते. पोरीच्या डोळ्याला काही झालं तर? बाबा न्हाईत तिला. मी कुणाच्या तोंडाकडं बघू?”

मी अश्वजितला सहज फोनवर सांगितलं, तर रविवारी तो दारात हजर. आईसमोर जमिनीवर बसला आणि तोंड उजेडाकडं केलं.

“बघा मावशी. सापडतंय का कुठं काही?”

आईनं चष्मा लावून त्याचं नाक, गाल, डोळ्यांच्या कडा नीट बघितल्या. मीही बघितलं. जरा जास्तच वेळ…

“जोखीम न्हाईच असं म्हणणार न्हाई, मावशी,” तो सांगत होता. “मलाबी लई भ्या वाटलं होतं. तुमचं जे काही असंल ते डॉक्टरांना विचारा. पटलं तरच हो म्हणा.”

आई डॉक्टर मॅडमकडं गेली, खूप प्रश्न विचारून आली, आणि हो म्हणाली.

*

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा नाक गच्च भरलेलं, खाली पांढरी पट्टी बांधलेली. आई पलंगापाशी डोळे पुसत होती आणि दारात तो उभा होता, हातात शहाळं घेऊन.

“मिशी शोभते तुम्हाला,” तो म्हणाला.

“हसवू डका… दुखतंय.”

“डका?”

“गप बसा!”

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. मिठाच्या पाण्यानं रोज नाक धुवायचं होतं. सकाळी त्याचा मेसेज यायचा, ‘नाक धुतलं का?’ संध्याकाळी पुन्हा, ‘धुतलं का?’ कुठल्या पोरीला असले मेसेज येत असतील! पण मी वाट बघायला लागले. डोकं हलकं झालं, तोंड मिटून झोप लागायला लागली, पण वास काही येईना. एकदा फोनवर रडले.  तो म्हणाला, “मी हाय लाईनवर. रडा निवांत.”

ड्युटीवर रुजू झाले आणि एका सकाळी, नायगावच्या थांब्यावर, काहीतरी नाकात शिरलं. उग्र, हिरवं. समोर एका बाईच्या पिशवीत शेपूची जुडी होती. मग डिझेल. मग कुणाची तंबाखू. मग घाम, रबर, संत्र्याची साल… मी दांडा धरून उभी, डोळ्यांतून धारा.

“काय झालं, ताई?” रेवणसिद्ध भाऊंनी विचारलं.

“भाऊ, आपल्या गाडीला वास येतो!”

“मग? तो तर कधीपासून येतोय.”

डॉक्टर मॅडमना पेढे देताना आईनं त्यांचे हातच धरून ठेवले. आणि त्याच संध्याकाळी अश्वजित घरी आला तेव्हा ती म्हणाली, “तुमचं उपकार कशानं फेडू, बाबा? पोरगीच देऊन टाकावी म्हणते मी तुम्हाला.”

मी लाजले. तो मात्र एकदम उठला. चहा तसाच ठेवून निघून गेला.

त्यानंतर मेसेज आला नाही. मी फोन केला, तर “कामात आहे.” पुन्हा केला… उचललाच नाही. नाक मोकळं झालं होतं, आणि श्वास घेणं जड जात होतं.

*

उदगीरला गाडी थोडा वेळ थांबते. मी रेवणसिद्ध भाऊंना सांगितलं आणि खाकी कपड्यातच रिक्षा करून डाळमिल गाठली. तो मास्क लावून पोत्यांपाशी उभा होता. मला बघून दचकला.

“तुम्ही… इथं? धूळ आहे इथं. बाहेर चला आधी.”

बाहेर लिंबाच्या सावलीत आलो.

“काय चुकलं माझं?” मी विचारलं.

“तुमचं न्हाई.” त्यानं मास्क काढला. “लुंबिनी, मी काही मिळावं म्हणून केलं नव्हतं. मला माझं नाक परत मिळालं, तेव्हा वाटलं, असं कुणालाबी मिळावं. अन् मावशी म्हणल्या, पोरगी देऊन टाकते. उद्या तुम्ही हो म्हणाल… उपकाराच्या ओझ्यानं. तसलं हो मला नको.”

“मग कसलं पाहिजे?”

त्यानं मास्क घडी करून खिशात कोंबला.

“आभार मी मानते,” मी म्हणाले. “डॉक्टरांचे मानते, तुमचे मानते, रोज सकाळी चहाचा वास आला की मानते. जन्मभर मानीन. पण ते वेगळं. ज्या रविवारी तुम्ही आमच्या घरी जमिनीवर बसलात ना… तेव्हा माझं नाक बंदच होतं. वास परत येईल की नाही, माहीत नव्हतं. फेडायला काही घेतलंच नव्हतं मी अजून. आणि तुम्ही मला त्याच दिवशी आवडलात.”

“त्याच दिवशी?”

“हाव.”

“मग एवढे दिवस बोलली का न्हाईस?” ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, त्याला कळलंच नाही.

“तू फक्त नाकाचंच विचारायचास!”

तो हसला. डोळे ओले झालेले, भुवयांवर डाळीची पिवळी धूळ… मी हातानं ती झटकली, आणि त्यानं माझा हात तिथंच धरून ठेवला.

स्टँडवर परत आलो तेव्हा तो माझ्यामागं गाडीत चढला.

“एक नांदेड.”

“मिल?”

“रजा टाकली.”

“कशासाठी जायचंय?”

“मावशींना सांगायचंय,” तो म्हणाला, “पोरगी मला देऊ नका म्हणून. ती तिच्या मनानंच येतीय.”

मशीननं तिकीट बाहेर टाकलं. ते त्याच्या हातात दिलं. मी नुसता श्वास घेतला… खोल, पूर्ण, मोकळा. आणि घंटी दिली.