वर चित्र, खाली मजकूर

“तीन मारले. तुझे सतरा.”

तिलेन ब्रीनाशी पहिल्यांदा बोलला ते हे. नाव नाही, नमस्कार नाही.

मारीबोर शहरात नदीकाठी विंकोकाकांचं राक्षस-ड्रॅगनांच्या खेळपत्त्यांचं दुकान. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे सहा टेबलं मांडत आणि कोण कोणासमोर बसणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवत. त्या दिवशी ब्रीनासमोर हा आला. उंच, धुक्याने ओलसर कोट, नाकाचा शेंडा थंडीने लाल. आला, बसला, पानं पिसली आणि दुसऱ्याच खेपेला तिच्या वीस जीवांपैकी तीन घेऊन मोकळा झाला.

ब्रीनाने आकडे मांडायची वही मिटून टाकली.

“कोणी मारले?”

“मी.”

“तू कसा मारशील? तू तर खुर्चीत बसलायस.”

“या पानाने.” त्याने पान पुढे सरकवलं. “ताकद तीन. तुझ्याकडे अडवायला कोणी नाही. विसातून तीन गेले.”

“वजाबाकी मलाही येते. हा कोण आहे? कुठून आला? मला कुठे लागलं?”

पानाच्या वरच्या अर्ध्या भागात चित्र होतं, खालच्या अर्ध्यात मजकूर. मजकूर तिलेनला पाठ होता. चित्राकडे मात्र त्याने परक्याच्या घरात डोकावावं तसं पाहिलं.

“दलदलीतला... राक्षस आहे.”

“मग?”

“मग... पायाला चावला.”

“कुठल्या?”

“डाव्या.”

“आई गं,” ब्रीना म्हणाली आणि वही उघडली. “आता सतरा.”

गल्ल्यामागून विंकोकाका खो खो हसले. “पोरा, हिच्याशी खेळायचं तर घरून जेवून येत जा. हिचा एक डाव म्हणजे अख्खं युद्ध असतं!”

*

ब्रीनाच्या जुडीत साठ पानं होती. त्यातली अकरा कागदी.

जे दुर्मीळ पान आपल्याकडे नाही त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि ती चिठ्ठी साध्या पानावर, पान ज्यात ठेवतात त्या प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवायची. समोरच्याने हरकत घेतली नाही की ते पान खरं. मोठ्या स्पर्धांत हे चालत नाही. विंकोकाकांकडे गुरुवारी चालतं. काका म्हणत, “खरं पान म्हणजे तरी काय? तोही कागदच. दोघांनी मानलं म्हणून ड्रॅगन.”

बाकीचे पेनने नाव खरडून मोकळे होत. ब्रीना चित्रं काढायची.

“ही कोण?” तिलेनने विचारलं.

“राखेची राणी.”

“राखेच्या राणीच्या हातात कोबी?”

“लढाई संपल्यावर सैन्याला जेवायला कोण घालणार, तू?”

तो हसला. उशिरा हसला, पण मनापासून.

*

दुसरा गुरुवार, चिठ्ठीत पुन्हा तोच. त्याचा राक्षस लंगडत आला. ब्रीनाला इतकी दया आली की तिने त्याला अडवलंच नाही.

चौथा. त्याच्या ड्रॅगनला सर्दी झालेली. शिंकला, तिचे पाच जीव जळाले. टेबलाखाली गुडघ्याला गुडघा लागला — दोघांपैकी कोणीही पाय मागे घेतला नाही.

सातवा. दुकान बंद झाल्यावर पुलावर. खाली नदी असावी, धुक्यात दिसत नव्हती.

“आता तुझी पाळी,” तो म्हणाला.

“आणि मी पाळी सोडली तर?”

“तर मी पुन्हा... म्हणजे... पहिल्यांदा...”

तिने पाळी सोडली नाही; टाचा उंचावून ओठ टेकवले.

पंधरावा. खेळलेच नाहीत.

*

सात महिन्यांनी तिलेनला हॅम्बुर्गच्या बंदरात वर्षभराचं काम मिळालं.

“थांबशील?” त्याने विचारलं.

“हे काय विचारणं झालं? मी तर डोळे मिटले की तुला बघते.”

ते वर्ष कसं निघणार याची ब्रीनाला जराही काळजी नव्हती. राखेतून राणी उभी करणारीला हॅम्बुर्ग ते किती लांब! तिने त्याच्यासाठी एक पान केलं. तीन संध्याकाळी बसून. नुसत्या डोळ्यांसाठी करड्या रंगाच्या चार छटा कालवल्या. खाली लिहिलं — हे पान हातात असताना अंतर मोजू नये.

स्टेशनच्या उपाहारगृहात, गाडीला अर्धा तास असताना, तिने ते त्याच्या हातात दिलं. तिलेनने आधी मजकूर वाचला. अंगठा चित्रावरच.

“छान लिहिलंयस.”

“चित्र बघ ना.”

“बघतो. आधी पुन्हा एकदा वाचतो.”

“बरं, डोळे मिट. मी दिसते?”

“हे नको, ब्रीना.”

“मिट रे! लाजतोस काय?”

त्याने मिटले.

“सांग.”

“खरं सांगू?”

“नाही, खोटं सांग. परदेशी जाणारे खोटंच सांगतात.”

“काळं आहे,” तो म्हणाला. “नेहमीच असतं. मला काही दिसत नाही. आई, घर, साधं सफरचंद... काहीच नाही. ‘डोळ्यांसमोर आण’ असं लोक म्हणतात ना, ती मला कित्येक वर्षं नुसती बोलायची रीत वाटायची.”

ब्रीना हसली. मग हसायची थांबली.

“आणि सर्दी झालेला ड्रॅगन?”

“बुधवारी लिहून काढायचो. पाठ करायचो. शब्द जमतात मला.”

“म्हणजे मी दाराबाहेर गेले की...”

“तू असतेस. दिसत नाहीस, एवढंच.”

“कशी असते?”

तो डोळे मिटूनच बोलू लागला, हळू, एकही शब्द सांडू नये अशा बेताने. “डाव्या भुवईत तीळ. हसायच्या आधी खालचा ओठ चावतेस. हरायला लागलीस की पानं उगाच पिसत बसतेस. चहात मध दोन चमचे, कोणी बघत नसलं की तिसरा. थंडीत उजवं पाऊल डाव्यावर. खोटं बोलताना मला पूर्ण नावाने हाक मारतेस.”

एखादीने इथे त्याचा हात धरला असता. ब्रीनाला राग आला.

“ही तर यादी झाली. वाण्याकडे द्यायची.”

“हो. यादीच आहे.”

“वर्षभर यादीवर राहणार तू?”

“आईला जाऊन नऊ वर्षं झाली. तिचीही यादीच आहे माझ्याकडे. एक ओळ गळलेली नाही.”

इथे तिने गप्प बसायला हवं होतं.

“मी रोज तुला बघणार आणि तू रोज काळोख बघणार,” ती म्हणाली. “मला नाही जमायचं. मला कोणाला तरी दिसायचंय, तिलेन.”

त्याने डोळे उघडले. चित्रावरचा अंगठा उचलला आणि बराच वेळ पाहत राहिला.

“हा कोण?”

“कोण म्हणजे? तू.”

“याचे डोळे करडे आहेत.”

“मग?”

त्याने मान वर करून चेहरा तिच्यासमोर धरला. ब्रीना चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसाला तीस माणसांना ‘वर बघा, खाली बघा’ सांगायची. तिने पाहिलं.

तपकिरी. गडद तपकिरी. उजव्यात एक पिवळसर ठिपका.

“काकांच्या दुकानात उजेड कमी असतो,” ती म्हणाली, “तिलेन वोग्रीन.”

पूर्ण नाव ऐकून त्याच्या ओठाचा कोपरा हलला. मग तेही थांबलं.

“देखणा काढलायस,” तो म्हणाला. “वाट तू याचीच बघणार होतीस. मी परत आलो असतो तर उगाच मध्ये आलो असतो.”

“थांब, मी बदलते! रंग आहेत पर्समध्ये. पाच मिनिटं.”

“पानावर बदलशील गं.”

त्याने पान तिच्या बाजूला सरकवलं, अलगद, काठाला धरून. बॅग उचलली. गाडी लागलीच होती. तिने हाक मारली — पूर्ण नाव नाही, नुसतं तिलेन — तेव्हा तो डब्याच्या पायरीवर होता. वळला. लांबून डोळ्यांचा रंग कळत नव्हता.

गाडी गेली.

ब्रीनाने डोळे मिटले. कोट आला. लाल नाक आलं. पुलावरचं धुकं न बोलावता आलं. डोळे आले — करडे.

“तपकिरी,” ती पुटपुटली, शाळकरी पोरीने पाढा म्हणावा तशी. “गडद तपकिरी. उजव्यात पिवळा ठिपका.” शब्द नीट पाठ झाले.

तिने पुन्हा डोळे मिटले.

करडेच.