तर्री पाणी का पीत नव्हता?

"पाच वाजता प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या मयुराताई तर्रीला परत न्यायला येणार! आणि साडेतीन तर वाजलेसुद्धा!" ऋषिकेश व्हरांड्यात येरझारा घालत होता.

"मग नुसता काहून फिरून राहिला गा? बस, डोकं चालव!" शेजारची मिनल म्हणाली.

ऋषिकेशची चुलत बहीण अस्मिता प्रताप नगरहून सुट्टीसाठी बेसाला, ऋषिकेश राहायचा त्या सुमंतकाकांच्या घरी आली होती. ती टक लावून कुत्र्याकडे पाहत होती.

तर्री हा रस्त्यावरून वाचवलेला कुत्रा. पोह्यांवरच्या तर्रीसारखा लालभडक तांबडा, म्हणून ऋषिकेशने हे नाव दिलं होतं. महिन्यापूर्वी सुमंतकाकांनी त्याला निवाऱ्यातून दत्तक घेतलं, सोळा फोटो फेसबुकवर टाकले, आणि त्यानंतर त्याला एकदाही फिरायला नेलं नाही. फोटोंखाली दोनशे लोकांनी 'ग्रेट!' लिहिलं होतं. त्यांच्यापैकीही कुणी नेलं नाही. ते काम रोज ऋषिकेशच करायचा.

तर्री हॉलमध्ये पाणी पीत नसे. काल काकांनी पट्टा धरून त्याला भांड्यापाशी ओढलं, तेव्हा तो त्यांच्या हातावर गुरगुरत धावला. दात लागले नाहीत. पण काकांचं निदान तयार होतं, "पाण्याला घाबरतो, म्हणजे पिसाळला!" रेबीजची लस दिल्याचं कार्ड फ्रिजवर चिकटवलेलं होतं. ते वाचण्याचे कष्ट काकांनी घेतले नाहीत. आज दुपारी निवाऱ्याला फोन केला, जेवले आणि आतल्या खोलीत झोपले.

"आधीच दोन घरांनी परत केलंय त्याला," ऋषिकेश म्हणाला. "आता 'चावरा' असा शिक्का बसला, तर कुणीच घेणार नाही!"

"पण इथे व्हरांड्यात तर तो सकाळपासून दोनदा पाणी प्यायला," अस्मिता म्हणाली. "प्लास्टिकच्या टबातलं चालतं आणि हॉलमधल्या भांड्यातलं चालत नाही? असा कसा पिसाळलेला?"

तेवढ्यात लाईट गेली! गल्लीतले सगळे कूलर गप्प झाले. तर्रीने कान टवकारले. उठला, सरळ हॉलमध्ये गेला आणि कूलरपाशी ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यातून लपालपा पाणी प्यायला लागला!

तिघं दारातून बघत राहिली.

चार मिनिटांत लाईट आली. कूलर घरघरला, आणि तर्री एका उडीत बाहेर!

"भांडं तेच, पाणी तेच," अस्मिता सावकाश म्हणाली. "मग बदललं काय?"

"कूलर!" मिनल ओरडली.

"मी भांडं घेऊन येतो!" ऋषिकेश धावला. अस्मिताने त्याचा शर्ट धरून त्याला मागे खेचलं.

"थांब! फरशी ओली आहे, भांडं कूलरच्या लोखंडी पायाला टेकलंय, आणि तू अनवाणी आहेस! काका-काकू घरात रबरी चपला घालतात. तर्री कुठून घालणार?"

ऋषिकेश दोन पावलं मागे सरला.

"माही जयवंतामावशी वायरमन आहे," मिनल म्हणाली. "तिले आणतो. कोणी आत जाऊ नका!"

बरोबर पाचला मयुराताई आल्या. पाठोपाठ पिशवी खांद्याला लावून जयवंतामावशी. काका डोळे चोळत बाहेर आले.

"हिला कुणी बोलावलं? कूलर मी स्वतः बसवलाय, व्हिडिओ बघून!"

"काका," अस्मिता अगदी गोड आवाजात म्हणाली, "लाइव्ह जा ना! तुमचा निर्णय सगळ्या कॉलनीला कळू दे."

याला नाही म्हणणं काकांना जमणारं नव्हतं. त्यांनी केस विंचरले, फोन उभा धरला. "मित्रांनो, आज एक कटू निर्णय घेतोय..."

"भाऊ, जरा इकडं दाखवा," मावशी म्हणाली आणि टेस्टर कूलरच्या पत्र्याला लावला. लाल दिवा पेटला! भांड्याला लावला. पुन्हा पेटला!

"करंट उतरून राहिला. पार भांड्यापर्यंत!" मावशीने मेन स्विच पाडला आणि कूलरची वायर उपसली. थ्री-पिन काढून तिथे टू-पिन बसवली होती. हिरवी वायर कापून वर व्यवस्थित टेप गुंडाळला होता.

"ही कोणी कापली?"

"बोर्डात दोनच भोकं आहेत," काका म्हणाले. "हिरवी उरली."

"उरली? अर्थिंग हाये ते! अनवाणी लेकरू भांड्यापाशी गेलं असतं, तर काय झालं असतं? तुमच्यापेक्षा कुत्र्याले जास्त समजते!"

"मी एप्रिलपासून सांगतेय, कूलरला हात लागला की मुंग्या येतात!" स्वयंपाकघरातून प्रेमलताकाकू बाहेर आल्या.

"मला वाटलं तुझी शुगर..." काका पुटपुटले. फोन अजून चालूच होता. कॉलनी बघत होती.

काका फार वेळ लाजणाऱ्यांतले नव्हते. "मित्रांनो, माझ्या कुत्र्याने माझ्या कुटुंबाचा जीव वाचवला! ये बाळा, ये!" त्यांनी हात पसरले. तर्रीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि जाऊन ऋषिकेशच्या पायांवर बसला.

"शाबास!" मयुराताई मुलांना म्हणाल्या. "काकांचा फोन आला तेव्हा मीसुद्धा गाडी काढली. तो पाणी का पीत नाही, हे मलाही विचारायला सुचलं नाही. तुम्हाला सुचलं." मग त्या ऋषिकेशजवळ वाकल्या. "वायर आज दुरुस्त होईल. त्याची भीती इतक्यात जाणार नाही. कूलर चालू असताना महिनाभर तरी तो हॉलमध्ये येणार नाही. ओढायचं नाही हं!"

"मी बाहेरच बसेन त्याच्याबरोबर," ऋषिकेश म्हणाला. व्हरांड्यात ऊन भाजत होतं. त्याला त्याची फिकीर नव्हती.

"तर्री कुठेही जाणार नाही," काकूंनी सांगून टाकलं. "दत्तकाच्या कागदावर आता माझं नाव लिहा."

"लिहिते. पण दर पंधरा दिवसांनी तपासायला येईन."

"कुत्र्याला ना?" काकांनी विचारलं.

"नाही," मयुराताई म्हणाल्या. "तुम्हाला."