कंदाचा डोळा

काचघराचं कुलूप शाबूत होतं आणि आतले वाफे रिकामे. संशोधक बाई दारातच मटकन खाली बसल्या.

ती काही शोभेची झाडं नव्हती. भाजलेली जखम भरून आणणारी ती रानवेल. डोंगरावरची वणव्यात जळून गेली होती, उरलीसुरली याच वाफ्यांत होती. लवकरच रुग्णांवर चाचण्या सुरू व्हायच्या होत्या. कंद गेले म्हणजे बाईंच्या उभ्या आयुष्याची माती झाली.

तपासाला आलेल्या इन्स्पेक्टरना खात्यात गोचीड म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. एकदा चिकटले की सुटत नसत. ते वाफ्यापाशी उकिडवे बसले. माती हाताने नीट सारखी केलेली. चोराला एवढी उसंत कुठली? त्यांनी बोट खुपसलं तर कंदाचं मोडलेलं टोक लागलं, कोंब वर करून पुरलेलं. शेजारच्या खड्ड्यातही तेच. एक टोक त्यांनी रुमालात गुंडाळलं आणि कुणाला काही बोलले नाहीत.

किल्ल्या दोनच होत्या. एक बाईंच्या पर्समध्ये, दुसरी त्यांच्या मदतनीस मुलीकडे. झालं, सगळे मुलीकडे बघू लागले. शोधनिबंधावर आपलं नाव नाही म्हणून ती नुकतीच बाईंशी कडाकडा भांडली होती. बाईंचा थोरला भाऊ बिचारा दुकान बंद करून धीर द्यायला धावत आला होता. तो उघडच म्हणाला, ही पोरगी अस्तनीतला निखारा आहे.

बाईंनीही मुलीकडे पाठ फिरवली. "लेकीसारखं वागवलं गं तुला," एवढंच त्या म्हणाल्या.

इन्स्पेक्टर साहेबांनी तिला प्रयोगशाळेत समोर बसवलं.

"कंद काढता कसा?"

"अख्खा. टोकासकट."

"टोक मोडून परत पुरलं तर?"

"कोण पुरेल? औषध टोकातच आहे, साहेब. खालच्या गरात अगदी नावापुरतं, तो जवळजवळ चोथाच. अजून छापलं नाही आम्ही, दोघींनाच माहीत आहे."

"मग नवी रोपं?"

"बियांपासून करतो."

मग पाळी बाईंची. भाऊ शेजारीच बसून होता. बाईंनी सांगितलं, औषध मूळचं त्यांच्या आईचं. कुणी भाजलं की ती हाच कंद उगाळून लावायची. कंद काढला की त्याचा डोळा, म्हणजे कोंबाचं टोक, मोडून, वर तोंड करून तिथेच पुरायचा, म्हणजे वेल परत येते. विसरलं की पाठीत धपाटा. दादाने तर माझ्या दुप्पट खाल्ले, असं सांगताना त्यांना हसू आलं. भाऊ घाईने म्हणाला, मला नाही बुवा आठवत, मी आपला भांडी विकणारा, झाडपाल्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

संशोधनातलं यांना सांगता का, असं साहेबांनी विचारलं. छे, बाई म्हणाल्या, सांगायला लागलं की हा जांभया देतो. रविवारी जेवायला मात्र न चुकता हजर असतो, कालही आला होता, रात्री मुक्कामालाच राहिला.

साहेब फोन करायला बाहेर गेले. बराच वेळ गेला. परत आले तेव्हा त्यांनी मुलीलाही आत बोलावलं आणि टेबलावर रुमाल सोडला.

"चोराने औषध जमिनीत ठेवलं आणि चोथा नेला," ते म्हणाले. "या मुलीला टोकाची किंमत माहीत आहे, ती असं करणार नाही. बाई, तुम्हीही नाही. आणि परका चोर ओरबाडून नेईल, डोळे पुरत बसणार नाही. म्हणजे चोराच्या हाताला तुमच्या आईची सवय आहे, पण इथला शोध त्याला ठाऊक नाही. काल जेवायला आला तेव्हा त्याने पर्समधून किल्ली घेतली आणि रात्री काम उरकून तुम्ही उठायच्या आत परत ठेवली. आमची माणसं आत्ता तुमच्या दादांच्या गोदामात आहेत. भांड्यांमागे कंदांची पोती आहेत. एकाही कंदाला टोक नाही."

भावाने आधी कानावर हात ठेवले. मग त्याचा आवाज चढला.

"औषध कंपनीवाले हे कंद विकत मागायला माझ्याकडे आले होते, चिमे. आईने दोघांना शिकवलं आणि फोटो छापून येतो तुझा एकटीचा."

"मला म्हणायचंस तरी, दादा. तुझं नाव घातलं असतं मी." बाई म्हणाल्या. "आणि या पोरीला अडकवत होतास? माझ्या तोंडून?"



बाईंनी मुलीचा हात धरला. चुकले गं मी, म्हणाल्या. डोळे शाबूत आहेत मॅडम, वेल येईल परत, असं मुलगी सांगत होती. बाई मान हलवत होत्या, पण नजर दादावरच खिळली होती. एवढ्या वर्षांचे रविवार, आणि त्याला जेवायला वाढताना कधी मनात शंका म्हणून आली नाही. त्यांना भडभडून आलं.

साहेबांनी तक्रार लिहायला घेतली. आरोपीशी नातं काय, हे विचारताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

बाईंनी डोळे पुसले. "सख्खा भाऊ," त्या म्हणाल्या. "नुसतं भाऊ नका लिहू, साहेब. सख्खा लिहा."