अंतरपाटाची शिवण

वरचा दोरा

एस्प्लनेडच्या त्या दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी हातमशीनचं चाक एकदा पुढे, एकदा मागे ढकलून पाहिलं आणि हिंदीत निकाल दिला. आत गंज चढलाय, शटलचा पत्ता नाही. खालचा दोरा ज्यात भरतात ते होडीच्या आकाराचं शटल आता बाजारात मिळत नाही. दिवाणखान्यात ठेवा, शोभेल.

सरोजबाई मिस्त्रींची मनधरणी करत राहिल्या. त्यांची मुलगी वृंदा दाराशी आली, रस्त्याकडे बघत स्वच्छ मराठीत म्हणाली, "सुटले बाई!"

कलकत्त्यात राहिलं की ही सवय लागतेच. ट्राममध्ये, बाजारात मराठीत खुशाल काहीही बोलावं. कळतंय कोणाला?

"का सुटलात?" मागून कोणीतरी विचारलं. मराठीत.

ती दचकून वळली. समोर एक उंच तरुण... इतका उंच, की दुकानाच्या फळीखाली मान वाकवून उभा होता. कडेवर मूल घ्यावं तसा टेबलफॅन धरलेला.

"तुम्ही मराठी आहात?"

"आजोबांपासून. माझी जरा सेकंड-हँड आहे, पण चालते. का सुटलात ते सांगितलं नाहीत."

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. शटल लेथवर बनवून घेता येतं, हावड्याला माझ्या ओळखीचे एक —"

"हळू बोला ना!"

उशीर झाला होता. परमुलखात मराठी शब्द कानावर पडला की सरोजबाई कितीही गर्दीतून वळत. "तुम्ही कोणाचे हो?" त्यांनी विचारलं आणि बोलता बोलता सगळं काढून घेतलं. चारुदत्त बेहेरे, घर भवानीपूरला, एका कंपनीत ड्राफ्ट्समन, लग्न नाही, यंत्रं उघडून बसायचा नाद. बालीगंजचा पत्ता दिला गेला. रविवार ठरला.

वृंदाने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला काही प्रेम म्हणत नाहीत.

खालचा दोरा

मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा सगळ्यांना दिसतो, खालचा कापडाखालून चालतो. तर खालून हे असं होतं.

हे मशीन सरोजबाईंच्या पणजीने सांगलीला घेतलं. तेव्हापासून त्या घरातली प्रत्येक मुलगी आपल्या लग्नाचा अंतरपाट त्याच्यावर स्वतः शिवते आणि मग मशीन तिच्याबरोबर सासरी जातं. बँकेने वृंदाच्या वडिलांची, श्यामकांतरावांची, जिथे जिथे बदली केली, तिथे तिथे ते रजईत गुंडाळून गेलं. जबलपूरहून कलकत्त्याला आलं ते मात्र अडूनच.

आणि पुण्याच्या श्रीकांतची पसंती आली होती. स्थळात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, हीच अडचण. पाहायला आला तेव्हा त्याने वृंदाला एकच प्रश्न विचारला होता — तुमची उंची चपलेसकट सांगितलीय की चपलेशिवाय? एवढ्यावरून नकार द्यायचा, तर वडिलांपुढे काय सांगणार?

म्हणून ती म्हणाली, मशीन चालू होऊ दे, मग तारीख काढा. आईला रीत मोडवेना. त्याच दुपारी वृंदाने सुईजवळची सरकती पट्टी ओढून शटल काढलं आणि चकलीच्या सोऱ्यात ठेवून दिलं. सोऱ्या काय, दिवाळीशिवाय कोणी काढत नाही.

वरचा दोरा

पाऊस नव्हता. माघ चालू होता आणि लोडशेडिंग होतं. आतल्या खोलीत वर्तमानपत्रावर मशीन उघडून पडलेलं, घरभर रॉकेलचा वास, आणि टॉर्च धरायचं काम वृंदाकडे.

"चहा घेणार ना?" सरोजबाईंनी विचारलं.

"खाईन की," चारुदत्त म्हणाला.

"चहा पितात," वृंदा म्हणाली.

"इथे बंगालीत खातात. सिगारेटसुद्धा खातात."

"मग मशीनचंही काही खरं नाही."

"मशीन नाही खात. टॉर्च जरा इकडे... माझ्या डोळ्यांत नको, मशीनवर."

चिंधीने काजळी पुसत गेलं तसतशी काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी उमटत गेली. वृंदाने ती कधी पाहिलीच नव्हती. तिने बोट लावलं, आणि नेमकं तेव्हाच त्यानेही.

"हे चालू झालं की काय शिवणार?" तो हात मागे घेत म्हणाला.

"अंतरपाट."

"लग्नात मध्ये धरतात तो? मी एकदाच पाहिलाय, काकांच्या लग्नात. कशासाठी असतो?"

"पलीकडचा माणूस दिसू नये म्हणून."

"आणि दिसला तर?"

"तर मंगलाष्टकं संपेपर्यंत मान खाली घालून उभं राहायचं."

"मला अवघड आहे. मान वाकवून वाकवून आधीच दुखते."

"तुम्हाला कोण उभं करतंय?"

टॉर्चचा उजेड थोडा हलला. त्या दिवशी जाताना त्याचा तेलकट हात चुकून तिच्या मनगटाला लागला.

खालचा दोरा

तो डाग तिने धुतला नाही.

वरचा दोरा

हावड्याहून शटल आलं. दोरा गुंतला. "टोक वाकडं आहे," चारुदत्त म्हणाला आणि पुढच्या रविवारी दुसरं घेऊन आला. त्याने दोरा तुटला. माघ संपला.

एके दिवशी सरोजबाईंनी पांढरं कापड आणून पलंगावर पसरलं, हाताने मापलं. "श्रीकांत काही फार उंच नाही. एवढी उंची पुरे झाली." त्यांनी कात्री चालवली आणि मग मान वर न करता म्हणाल्या, "वैशाखातली तारीख काढतायत. तोवर मशीन चाललं तर चाललं, नाहीतर हाताने शीव. माणसांना किती थांबवायचं, वृंदा?"

उरलेली पट्टी त्यांनी घडी करून ट्रंकेत ठेवली. वृंदा कात्रीकडे बघत राहिली. तिची एकुलती एक सबब अशी दोन वाक्यांत संपली होती.

रविवारी चारुदत्त आला. सरोजबाई शेजारी गेलेल्या. त्याने तिसरं शटल बसवलं, हँडल फिरवलं. कट्. सगळं अडलं.

"आता पुढच्या रविवारी —"

"पुढचे रविवार नाहीत," वृंदा म्हणाली. "तारीख काढतायत."

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर हळूच खाली ठेवला. मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली, फळीवरून सोऱ्या काढला आणि त्याच्यासमोर पालथा केला. टण्णकन शटल पडलं.

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. राग, आश्चर्य... काहीतरी यायला हवं होतं.

"चकलीचा सोऱ्या," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, तांदळाचा डबा असेल."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून. सगळ्या मशीनवर धूळ, आणि शटलच्या खोबणीत बोटाची ताजी खूण."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर रविवार संपले असते."

"आणि ती हावड्याची शटलं?"

"पहिलंच नीट बसत होतं. मी कानशीने टोक घासलं."

"तुम्ही माझ्या आईला फसवलंत!"

"हे तुम्ही सोऱ्या हातात धरून सांगताय."

तिला हसू यायला नको होतं. आलं.

टाका

जुनं शटल जागेवर बसलं, अंतरपाटाचं कापड सुईखाली आलं. कापड लांब होतं. एका हाताने ते आवरत नाही, म्हणून कडा धरायला दोन्ही हात लागतात आणि हँडल फिरवायला दुसरं माणूस. आईच्या वेळी मामाने फिरवलं होतं. आज चारुदत्तने हात ठेवला.

"हळू."

"किती हळू?"

"मी सांगेन तितकं."

मशीन चालू लागलं. टक-टक-टक-टक... जणू कधी अडलंच नव्हतं.

"वृंदा."

"बोलू नका. कडा सरकेल."

"पुण्याला जाऊ नका."

मशीन थांबलं. सुई कापडात, अर्ध्या टाक्यात.

"थांबलात का?" तिने विचारलं. नजर कापडावरच.

"उत्तर हवंय."

"फिरवा आधी... नाही जाणार. फिरवा."

दोघांपैकी कोणालाच सरोजबाई आलेल्या कळल्या नाहीत. आवाज ऐकून त्या जिन्यातून घाईने आल्या होत्या आणि आता दारातच उभ्या होत्या. त्यांनी चालतं मशीन पाहिलं. टेबलावरचा सोऱ्या पाहिला. हँडलवरचा हात पाहिला.

"आई," वृंदा उभी राहिली, "पुण्याला नाही म्हणून कळवा."

सरोजबाईंनी पुढे येऊन दोरा तोडला, कापड उलटं करून मागची शिवण बोटाने तपासली, शेवटपर्यंत. एकही टाका सुटलेला नव्हता.

"उभे राहा," त्या चारुदत्तला म्हणाल्या. "सरळ. मान नका वाकवू."

तो उभा राहिला. सरोजबाईंनी दोन्ही हात पसरून अंतरपाट त्याच्या आणि वृंदाच्या मध्ये धरला, टाचा उंचावल्या. वरच्या कडेवरून त्याचे केस दिसत होते, कपाळ दिसत होतं, आणि वृंदाकडे बघणारे दोन्ही डोळे.

त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या. हात दुखले असतील.

"आखूड पडतोय," अखेर त्या म्हणाल्या. "जोड द्यावा लागेल. वृंदा, ट्रंकेतली पट्टी काढ... आणि तो सोऱ्या घासून ठेव."