आधी गूळ-पाणी

"स्वतःच्याच घरात मला जागा मिळत नाय हो!"

कुणीतरी मोबाइलवर चिडलं होतं. मी हसू दाबलं. कशेडी घाटात दरड कोसळली होती, खेडला निघालेली आमची एसटी पोलादपूरलाच थांबली होती, आणि स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीत बसायला एकच जागा उरली होती — त्या चिडक्या आवाजाशेजारी. श्रावणातली सर मघापासून येत-जात होती.

"काय झालं?" मी विचारलं. नसत्या चौकशांची मला खोडच आहे.

"हे बघा ना मॅडम. कुडपणला आमच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी केल्यात. या वेबसाइटवर टाकल्यात. मे महिन्यापासून एक माणूस फिरकला नाय. म्हटलं, आपणच पाहुणा होऊन खोली घेऊन बघू. तर आधी नुसतं चक्र फिरतंय. मग धुकं दिसतंय. मग नाव टाका, मेल टाका, पासवर्ड टाका… अरे, पण खोली कुठाय? ज्यानं कुणी हे बनवलंय ना, त्याला एकदा कुडपणच्या धुक्यात नेऊन सोडला पाहिजे!"

मला चहाचा ठसका लागला.

"त्याला नाही," मी म्हटलं, "तिला."

"म्हणजे?"

"मीच बनवलीय ती."

त्याचे कान लाल झाले. त्यानं पावसाकडे बघितलं, ग्लासात बघितलं, आणि मग तो अगदी हळू म्हणाला, "मग… कधी येताय? धुक्यात?"

मी चारुलता. महाडला चवदार तळ्याजवळ आमचं घर, तिथेच बसून मी लोकांच्या वेबसाइट करून देते. डोंगरातल्या काही घरमालकांनी मिळून ही साइट माझ्याकडून करून घेतली होती. उघडल्या उघडल्या धुक्याचा लांबलचक व्हिडिओ सुरू व्हायचा, आणि त्यावर मी भलतीच खूश होते. लोक साइटवर यायचे आणि दारातूनच परत जायचे, हे मला दिसत होतं. पण आपलं बाळ कुणाला कुरूप वाटतं?

त्याचं नाव स्वराज. मुंबईची नोकरी सोडून आईपाशी राहायला आला होता.

"गणपतीपर्यंत वाट बघायची," तो म्हणाला. "नाय कोण आलं, तर परत मुंबै. मामानं गोडाऊनला जागा बघून ठेवलीय. आई एकटी पडेल, पण पोटाचं काय?"

हे तो हसत हसत सांगत होता, म्हणून मला ते जास्तच लागलं.

रविवारी मी लॅपटॉप घेऊन कुडपणला गेले. स्वराज रस्त्यावर घ्यायला आला होता, पण अंगणात पोचतो तोच गाय सुटली आणि तो तिच्यामागे पळाला. पडवीत मी एकटी, चिखलाने भरलेली. आतून त्याची आई, तुळसाकाकी, आल्या. कोण, कुठली, कशाला — काही नाही. पाय धुवायला पाणी दिलं. मग गुळाचा खडा आणि तांब्या पुढे केला.

"खा गो आधी. दमलीस."

"काकी, मी कोण ते तरी विचारा!"

"दमलेल्या माणसाला कुठं सवाल करतात? जेवल्यावर इचारायचं. आमच्याकडं तशीच रीत हाय."

गूळ तोंडातच राहिला. माझ्या साइटच्या दारात आलेल्या माणसाला मी काय देत होते? धुकं. आणि मग पासवर्ड मागत होते! पाणी द्यायचं राहिलंच होतं. मला माझीच लाज वाटली, आणि त्या माउलीच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी जेवून झाली. आता विचारतील म्हणून मी सरसावून बसले, तर काकींनी माझ्यापुढे सोलायला लसूण ठेवला आणि चुलीकडे वळल्या.

दुपारभर पडवीत बसून मी साइट उसवली. व्हिडिओ काढला. उघडताच घर, खोली, चूल दिसेल असं केलं. रस्ता कसा, जेवायला काय, तेही तिथेच. तळाशी बारीक अक्षरात दडवलेला घरमालकाचा फोन नंबर मोठा करून वर आणला. नाव विचारायचं ते अगदी शेवटी. मग मोबाइल स्वराजच्या हातात दिला.

"आता तुम्ही पाहुणे. घ्या खोली."

"कुठं दाबू?"

"मी सांगणार नाही. नियम आहे माझा. शेजारी बसायचं, तोंड बंद ठेवायचं, आणि माणूस कुठे अडतो ते बघायचं. अडलात तर चूक माझी, तुमची नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. "आजवर असं कोण बोललं नाय मला. सगळीकडं चूक माझीच असते."

"मोबाइलकडे बघा."

"तिकडं सगळं कळतंय हो… इकडंच अडलंय."

मी लसणाची टोपली उचलून आत पळाले.

नंतर आम्ही फोनवर बोलायचो, कुडपणला रेंज असेल तेव्हा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. मग गणपती आले आणि त्याचा फोन लागेनासा झाला. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, तरी काही नाही. दुसऱ्या दिवशी महाडला माझ्या दारात तो उभा — खांद्यावर भली मोठी पिशवी.

चालला मुंबईला! काही न विचारता मी आत गेले, गुळाचा खडा आणि पाणी घेऊन आले. त्यानं सगळा तांब्या संपवला.

"इचार ना आता, कुठं चाललो ते."

"कुठे?"

त्यानं पिशवी उघडली. आत तवसं! हिरवीगार, जाडजूड, काठोकाठ भरलेली.

"आईनं दिल्यात काकड्या, तुझ्यासाठी. पाहुणे आलेत गो घरी, पुण्याचे. दिवाळीपर्यंतचे शनिवार-रविवार भरले. गणपतीच्या तोंडावर तू वर ठेवलेला नंबर दाबून सगळ्यांनी फोन केले. मग धावपळीत मोबाइल पाण्यात पडला, तुझा नंबर त्यातच गेला, म्हणून…"

मी पिशवीतलं एक तवसं उचललं. रडू येत होतं की हसू, कोण जाणे.

"आणि आई म्हणते… म्हणजे मीच म्हणतो… की तू आता पाहुणी म्हणून…"

तो अडला. मी नियमाप्रमाणे गप्प बसले.

"सांग ना, पुढं काय बोलू?"

"अडलास तर—"

"—चूक तुझी! मग कर ना दुरुस्त."

"हो," मी म्हटलं.

"अगो, मी अजून इचारलं कुठं?"

"दिसत होतं रे."

त्यानं माझा हात धरला, तेव्हा त्याच्या हाताला काकड्यांचा वास येत होता. मग त्याच्याकडून शेजारघरचा नंबर घेऊन मी तुळसाकाकींना फोन लावला. खूप आभार मानायचे होते. पण निघालं ते भलतंच.

"काकी, त्या दिवशी जेवल्यावरसुद्धा तुम्ही माझं नाव विचारलं नाहीत."

"पाव्हण्याला इचारतात गो," काकी म्हणाल्या. "घरच्या माणसाला कोण इचारतंय?"