एकच ठिपका

"तळवा उघडा," ती म्हणाली.

वॉर्डातल्या तीन रोग्यांमध्ये औषधांना दाद न देणारा जंतू सापडला होता. म्हणून प्रयोगशाळेतून ती कापसाची काडी घेऊन सगळ्या कर्मचाऱ्यांचे हात तपासायला आली होती. वॉर्डातल्या परिचारकाने, ब्रदरने, हात पुढे केला.

"भविष्य बघताय?"

"भाडेकरू बघतेय. कोण कोण राहतंय ते."

"आणि घरमालक?"

तिने मान खाली घातली... पण काडी जरा जास्तच वेळ फिरली.

कोपऱ्यातल्या खाटेवरचे मास्तर हसले. "बाई, हलका हात आहे हो त्याचा. माझी दाढी करतो, कळतसुद्धा नाही."

त्याच आठवड्यात मास्तरांच्या रक्तात जंतू उतरला आणि ते गेले. त्यांच्या पोटातला जंतू आणि ब्रदरच्या हातावरचा, दोघांची जनुकं एकच निघाली. तिनेच त्याला तसं सांगितलं. त्याने राजीनामा दिला. माणूस गेला की मागे राहिलेला आधी स्वतःलाच धरतो. त्याला तर पुरावाही मिळाला होता.

तिला मात्र चैन पडेना. मास्तरांच्या पोटातल्या नमुन्याची प्लेट तिने पुन्हा काढली. तिच्यावर जंतूंचे कितीतरी ठिपके वाढले होते, आणि नेहमीच्या पद्धतीने तिने त्यातला एकच उचलला होता. आता तिने सगळे तपासले. रक्तातलाही तपासला.

तो नोकरीतल्या शेवटच्या पाळीत चादरी घडी करत होता, तेव्हा ती धापा टाकत आली.

"चुकलं माझं. त्यांच्या पोटात एक जंतू नव्हता, अख्खी भावकी होती! तुमच्या हातावरचा त्यातला एक. रक्तात उतरला तो दुसराच. ते दाखल झाले, त्या दिवशीच्या नमुन्यातही तो आहे. घरूनच आला होता तो त्यांच्याबरोबर."

चादर त्याच्या हातात तशीच राहिली.

"म्हणजे... मी नाही?"

"तुम्ही नाही."

"मास्तर तर गेलेच ना."

"गेले," ती हळूच म्हणाली. "ते मला नाही बदलता येत."

तो खाटेच्या कडेला बसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला. ती शेजारी बसून राहिली.

"राजीनामा मागे घ्या," ती म्हणाली.

"सांगताय?"

"नाही — मागतेय. माझ्यासाठी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. पलीकडून कुणीतरी पाणी मागितलं. तो डोळे पुसत उठला.

"हात धुऊन त्यांना पाणी देतो... थांबाल?"

"थांबते ना," ती म्हणाली, आणि अर्धवट राहिलेली चादर तिने मांडीवर घेतली.