नाटक्याची शेपटी

"एक्स-रेत काही दिसत नाही? मग काढलात कशाला? माझाही काढा आता!"

"काढतो की... पण त्यात राग उमटत नाही, नुसती हाडंच येतात," मशीनवाला हसून म्हणाला.

तिचं डोकंच सणकलं. लांबुडक्या, बुटक्या पायांच्या तिच्या कुत्र्याचे, नाटक्याचे, मागचे पाय सकाळपासून फरफटत होते. बिस्किटासाठी लंगडायची जुनी खोड, म्हणून घरात कुणी लक्षच दिलं नव्हतं. तीच त्याला उचलून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन आली. आणि हा गोड गोड बोलतोय! गोड बोलणाऱ्यांचा तिला आधीपासूनच संशय.

"मणक्यांमधली गादी एक्स-रेत दिसत नाही," तो म्हणाला. "ती सरकून नसेवर बसली असेल, तर एमआरआयतच कळेल."

नाटक्याला भूल दिली, मशीनमध्ये सरकवलं. ती काचेबाहेर. डोळे मशीनवाल्यावर... काही लपवत तर नाही ना?

त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही नस. इथे बघा, चिमटीत धरल्यासारखी झालीय."

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी ऑपरेशन केलं. "पाय येतील का, ते आत्ता नाही सांगता येत," म्हणाल्या. "आधी शेपटी हलायला हवी."

नाटक्या घरी आला. मग रोज संध्याकाळी मशीनवाल्याचा फोन. "दवाखान्यातून बोलतोय. शेपटी हलली का?"

"नाही."

"हलेल."

मावशीने कान टवकारले. "अगं, रोज कोण फोन करतं? काहीतरी काळंबेरं आहे."

तिने दवाखान्यात विचारलं. "आमच्याकडून असे फोन जात नाहीत," काउंटरवरची बाई म्हणाली.

अस्सं! पुन्हा स्कॅन करायला लावणार, दुसरं काय!

नेमकी त्याच दुपारी शेपटी हलली. जराशीच. ती रडली, हसली... आणि संध्याकाळी, त्याचा डाव उघडा पाडायला, फोनवर साफ खोटं बोलली. "नाही हलली."

पलीकडून, "मी... येऊ?"

आला तो धापा टाकत, शर्टाची बटणं वरखाली. "कुठाय तो?"

त्याचा आवाज ऐकला मात्र, सतरंजीवर शेपटी आपटली. थप. थप.

त्याने शेपटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हे काय?"

"नाटक. पण आधी तू सुरू केलंस. दवाखान्यातून म्हणे!"

"दवाखान्यातूनच करायचो... दवाखान्यासाठी नव्हतो करत, एवढंच."

"मग कुणासाठी?"

"आधी याच्यासाठी. नंतर—" त्याचे कान लाल झाले.

थप, थप, थप.

"उद्यापासून फोन करू नकोस," ती म्हणाली.

त्याचा चेहराच पडला.

"येऊन बघत जा. फोनवर मी खोटं बोलते."